चेरी नोव्हेंबरातच फुलते

माझं कोणी ऐकलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कोणी "तेव्हाच काहून नाही सांगितलं?" असं विचारायला नको. सांगितलं होतं. सरांना सांगितलं, ऑफिसात सांगितलं, घरी नवऱ्याला सांगितलं. नवरा म्हणाला, "ते डॉक्टर, तू चौथी पास. कोणाचं खरं मानतीन लोक?"

मी त्याच्या ताटात वाढलेली पोळी परत उचलली!

रायपूरच्या एका जुन्या कॉलेजात, वनस्पतीच्या विभागात मी बावीस वर्षांपासून आहे. डोंगरातून, जंगलातून आणलेल्या फांद्या दाबून सुकवायच्या, जाड कागदावर चिकटवायच्या, जाड देठ असेल तिथं सुई-दोऱ्यानं टाके घालायचे आणि खाली कोपऱ्यात चिठ्ठी लावायची. झाडाचं नाव, गाव, आणणाऱ्याचं नाव, तारीख. या कागदाला शीट म्हणतात आणि शीटांच्या खोलीला हर्बेरियम. खोलीत सतरा कपाटं आहेत आणि त्यांची किल्ली माझ्या कमरेला आहे. पंखा लावता येत नाही, पाकळ्या उडतात. लोकांना वाटतं, मेलेल्या झाडांच्या खोलीत काय घडणार? बापा! एक किस्सा सांगायला कपाट उघडावं तर त्याच्या मागून चार पडतात.

यंदा दिवाळीनंतर माझ्यावर आळ आला. चेरीच्या एकतीस शीटांच्या चिठ्ठ्या मी अदलाबदल केल्या म्हणे! माफीनाम्यावर सही कर, नाहीतर किल्ली टेबलावर ठेव आणि हॉस्टेलच्या भांडारात जा, असा हुकूम. भांडारात बटाटे निवडायला मला लाज नाही. पण न केलेल्या चुकीसाठी मी एक बटाटासुद्धा निवडणार नाही.

तर ऐका.

*

या सगळ्या चेऱ्या मिश्रा मॅडमच्या. दरवर्षी पोरापोरींना घेऊन कुमाऊंच्या डोंगरात जायच्या आणि प्रेस भरून झाडं आणायच्या. प्रेस म्हणजे दोन लाकडी जाळ्या, मध्ये रद्दी पेपर, पेपरात फांद्या आणि वरून पट्ट्यानं करकचून आवळलेलं. तिकडं या झाडाला पद्म म्हणतात. लोक पूजेला नेतात त्याची फांदी.

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. मॅडमनी प्रेस सोडला, शीटा केल्या आणि जेवायला गेल्या. टेबलावर गुलाबी-गुलाबी बारीक पाकळ्या पडल्या होत्या. मी कामाला चोख! झाडून, गोळा करून, डब्यात टाकून मोकळी.

मॅडम आल्या. टेबल बघितलं, मग डबा बघितला. डबा उचलला आणि सगळा टेबलावर पालथा केला. चहापत्ती, पेन्सिलीची साल, केळ्याची साल आणि त्यात माझ्या पाकळ्या!

"सुनंदा, ये कचरा दो बस और तीन रेलगाड़ी बदलके आया है. चुन!"

दोन तास वेचल्या. मॅडमनी कागदाचं बारकं पाकीट करायला शिकवलं, त्यात पाकळ्या घालून ते शीटलाच चिकटवलं. गळालेलं फूलसुद्धा त्याच झाडाच्या नावावर जमा राहिलं पाहिजे.

त्या दिवसापासून मी कोणाचंही टेबल विचारल्याशिवाय पुसत नाही. आमच्या आताच्या हेडसरांच्या टेबलावर तीन वर्षांची धूळ आहे. एकदा ओरडले, तर मी म्हटलं, "सर, नोंद असंन म्हणून हात नाही लावला!"

*

मॅडम रिटायर झाल्या आणि पुढं वारल्याही. त्यांच्या जागी आले डॉ. बोधनकर सर. पुण्याकडचे. माणूस वाईट नाही, पण सर शेवाळाचे डॉक्टर. डबक्यातलं पाणी काचेवर ठेवून तासभर बघत बसतील. झाड मात्र शेवाळापेक्षा उंच गेलं की सरांची मान दुखते.

सर आल्यावर पहिल्यांदाच एक मोठे अधिकारी तपासणीला आले. सूट, बूट, मागं चार माणसं. सरांनी मला आधीच बजावलं, "दीदी, तुम्ही मध्ये बोलायचं नाही."

मी म्हटलं, "हव."

साहेबांपुढं चेरीचं फोल्डर उघडलं. साहेब खूश! "अच्छा, यही आइसक्रीम वाली चेरी?" सर हसले. चारही माणसं हसली. आणि साहेबांनी अंगठा तोंडात घातला, थुंकी लावली आणि शीट उलटली.

जुन्या शीटांना कीड लागू नये म्हणून विष लावलेलं असतं. साधंसुधं नाही, पाऱ्याचं विष. मी सरांकडे बघितलं. सर डोळ्यांनी सांगताहेत, गप्प. साहेबांचा अंगठा दुसऱ्यांदा तोंडाकडे निघाला.

मी साहेबांचं मनगट धरलं!

"साहेब, चाटू नका! जहर है!"

साहेब म्हणाले, "कौन है ये औरत?" सर लगेच, "सॉरी सर, कम पढ़ी-लिखी है, बढ़ा-चढ़ाके बोलती है."

मी बोटानं कपाटाचं दार दाखवलं. दारावर कवटी आणि दोन हाडं काढली आहेत, लाल रंगात. मिश्रा मॅडमनीच पेंटरकडून काढून घेतली होती.

साहेब आमच्या मोरीत अर्धा तास चूळ भरत होते. तपासणी तिथंच संपली. शेरा काय लिहिला माहीत आहे? "कर्मचारी सतर्क आहेत." बहुवचनात! सरांनी तो कागद फ्रेम करून स्वतःच्या खोलीत लावला.

*

मग आला कॉम्प्युटर. सगळ्या शीटांचे फोटो काढायचे, चिठ्ठ्या टाइप करायच्या आणि साऱ्या जगाला दिसेल असं पोर्टलवर चढवायचं. त्यासाठी पूनम आली. पूनम साहू, चोवीस वर्षांची पोट्टी, इथलीच, छत्तीसगढी. मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते. दोघींचं मस्त जमतं.

चिठ्ठी वाचायला तिला मीच शिकवलं. जुने लोक तारखेत महिना घड्याळाच्या आकड्यांत लिहितात, XI, IV असा. पूनमला वाटलं ती अक्षरं आहेत. मी म्हटलं, "घड्याळ बघ. हे अकरा वाजले म्हणजे नोव्हेंबर. हे चार वाजले म्हणजे एप्रिल." ती म्हणाली, "दीदी, आपको अंग्रेज़ी नहीं आती, ये कैसे आता है?" मी म्हटलं, "बाई, ड्यूटी सुटायची वेळ सगळ्यांले वाचता येते!"

कॉम्प्युटरची एक खोड होती. चिठ्ठीवरचं बारकं गाव त्याला सापडलं नाही, तर तो नकाशावरची खूण शीट ठेवलेल्या शहराजवळ कुठंतरी लावून टाकायचा. चेरीच्या दोन शीटा अशाच निसटल्या आणि खूण पडली कुठं? रायपूरबाहेर सिलतऱ्यात! जिथं लोखंडाचे कारखाने आणि झाडाचं पान धुतल्याशिवाय हिरवं आहे का काळं कळत नाही, तिथं!

कोणाच्या ध्यानात आलं नाही. एक दिवस दारात एक काका उभे. गळ्यात भलामोठा कॅमेरा, खांद्यावर तिपाई आणि पांढरा सदरा छातीपर्यंत काळा. काका भिलाईहून आले होते, फुलांचे फोटो काढायचा शौक. पोर्टलवर बघितलं, रायपूरजवळ हिमालयातली चेरी! सकाळपासून सिलतऱ्यात ट्रकांच्या मधून फिरत होते. एका कारखान्याच्या गेटवर विचारलं, तर चौकीदार म्हणाला, "चेरी? उस नाम की कोई कंपनी इधर नहीं है."

काका तापलेले. "आपका रिकॉर्ड झूठा है!"

हा शब्द मला सहन होत नाही. काकांना पाणी दिलं, हात धरून आत नेलं आणि कपाट उघडलं.

"काका, झाड रायपुरातच आहे. कपाट नंबर सात, वरून दुसरा खण. काढा फोटो."

काढले की! सदतीस काढले. जाताना म्हणाले, "इतनी दूर से आया, फूल तो देख लिया." खूण पूनमनं त्याच दिवशी दुरुस्त केली.

*

मध्येच एक छोटा किस्सा सांगते. कपाटात डांबरगोळ्या असतात, त्यांचा वास माझ्या अंगाला कायमचा. बुद्धविहारात वंदनेला बसले की माझ्या दोन्ही बाजूंनी जागा सुटते. एकदा नव्या सुनेसारखी दिसणारी एक पोरगी कुजबुजली, "या बाईजवळ कसला वास येते?"

तिची सासू म्हणाली, "बस तिथंच. कोणतं मच्छर नाही येत!"

आता उन्हाळ्यात माझ्याजवळची जागा आधी भरते.

*

आता आळाची गोष्ट. हसू नका.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पोर्टलच्या कॉम्प्युटरनं आमच्या चेरीला लाल खूण केली. एकतीस शीटांवर फुलं आहेत आणि तारखा नोव्हेंबरच्या. चेरीच्या खानदानातली बाकी सगळी झाडं वसंतात फुलतात, म्हणून तपासून बघा, असा निरोप. तपासून बघा! 'चूक आहे' असं कॉम्प्युटरसुद्धा म्हणाला नव्हता.

सरांनी मला बोलावलं. समोर आमच्या ऑफिसचे ठाकूर बाबू बसलेले.

"दीदी, चेरी एप्रिलमध्ये फुलते. साऱ्या जगाला माहीत आहे."

"जगानं आपलं कपाट नाही पाह्यलं, सर. आपली चेरी नोव्हेंबरातच फुलते. मिश्रा मॅडम दिवाळीनंतर जायच्या, तेव्हा फुलं यायची. उन्हाळ्यात जायच्या, तेव्हा फळं यायची. मी माझ्या हातानं टाके घातले हाय."

"तेच म्हणतो मी! फळाची चिठ्ठी फुलाला लागली, फुलाची फळाला. चिकटवलं कोणी? तुम्ही."

"एक-दोन शीटा असत्या तर मीच म्हटलं असतं, झालं असंन. एकतीस? सर, एकतीस वेळा सारखं चुकायले पण अक्कल लागते!"

ठाकूर बाबूंनी खोकल्याचं नाटक केलं. सरांनी चष्मा काढला.

"दीदी, तुम्ही किती शिकल्या आहात?"

"चौथी."

"मग?"

"मग काय? बारा महिने चौथीच्या आतच शिकवतात, सर!"

त्यावर सरांनी कॉम्प्युटर माझ्याकडे फिरवला. जपानच्या चेऱ्या. गुलाबी रस्ता, खाली छत्र्या घेतलेल्या बाया. "बघा. एप्रिल." मागं पूनम उभी होती. तिनं मोबाइल पुढं केला, "सर, यहाँ लिखा है, हिमालय वाली चेरी ठंड के पहले फूलती है. ये प्रजाति अलग है."

सर म्हणाले, "इंटरनेट पे कुछ भी लिखा रहता है."

आणि जपान काय सरांच्या मामानं डब्यात भरून आणला होता?

*

माफीनामा टाइप होऊन आला. ठाकूर बाबू घेऊन आले. "माझ्या निष्काळजीपणामुळे चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली" वगैरे. शुक्रवारी चौकशी समिती येणार, त्याआधी सही पाहिजे.

ठाकूर बाबू रायपूरचे जुने, माझ्या भल्याचंच बघणारे. म्हणाले, "दीदी, साइन कर दो. बात खतम. एक कागज़ ही तो है."

मी म्हटलं, "ठाकूर भैया, बावीस वर्षं मी कागदच सांभाळून राहिली. कागद 'ही तो' नसते. मी मेल्यावर पन्नास वर्षांनी कोणी कपाट उघडंन आणि वाचंन की सुनंदा गजभियेनं फुलाला फळाची चिठ्ठी लावली. तेव्हा मी थोडीच उठून सांगणार हाय?"

माझा बाप रेल्वेत होता. भंडाऱ्याकडून इकडं बदलून आला, रुळांचा सांधा बदलायचं काम. मला म्हणायचा, "पोरी, सांधा चुकला तर आधी सांग, नाही चुकला तर साहेबाच्या बापालेही भिऊ नको." बाबासाहेबांच्या फोटोखाली उभं करून म्हणायचा. आता अशा बापाच्या पोरीनं सही करावी?

माफीनाम्याचा कागद मात्र चांगला होता. जाड, पाणी शोषणारा. त्याच दिवशी बी.एस्सी.च्या पोरींनी कॉलेजच्या कुंपणावरची घाणेरी आणली होती आणि रद्दी कमी पडत होती. मी घाणेरीची फांदी माफीनाम्यात ठेवली, वरून प्रेस आवळला.

संध्याकाळी सर दारात. "दीदी, त्या कागदाचं काय झालं?"

"वाळून राहिला, सर. चार दिवस लागतीन!"

*

चार दिवस सरांना धीर नव्हता. बुधवारी मी किल्ली दिली नाही, म्हणून ऑफिसातली दुसरी किल्ली घेऊन सरांनी स्वतः कपाट उघडलं. मला बाहेर बसवलं. पूनमनं काहीतरी टाइप करायला नाही म्हटलं, म्हणून ठाकूर बाबूंना आत घेतलं. दिवसभर आतून ठक-ठक आवाज. मला वाटलं, आता माझ्या चिठ्ठ्या फाडतात. नवऱ्याला फोन लावला. तो उरला नावाच्या गावी लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये, शिफ्ट चालू. मशीनच्या आवाजात ओरडला, "काय झालं?" मी ओरडले, "काही नाही! पोळी दोन वाढीन!" बस, तेवढंच बोलले. रडले नाही. रडायला मी भांडारात गेले नव्हते अजून.

शुक्रवारी समिती आली. तिघं. दोन सर आणि अध्यक्ष म्हणून एक पांढऱ्या केसांच्या मॅडम, दुसऱ्या कॉलेजातल्या. कमी बोलणाऱ्या. टेबलावर एकतीस शीटा मांडल्या. मी भिंतीला पाठ लावून उभी. पूनम माझ्या बाजूला.

बोधनकर सरांनी पंधरा मिनिटं सांगितलं. वसंत, जपान, खानदान, कमी शिकलेला स्टाफ, सगळं आलं. मग मॅडम माझ्याकडे वळल्या. "आपको कुछ कहना है?"

"मॅडम, मेरा कहना कोई मानता नहीं. झाडालेच विचारा ना. आज तारीख काय? नोव्हेंबरच हाय."

"पेड़ से कैसे पूछें?"

मी पूनमला कोपरानं ढोसलं. आमचं आदल्या दिवशी ठरलं होतं. चिठ्ठीवर डोंगरातल्या ज्या गावाचं नाव, तिथं एक बाई घरात पाहुणे ठेवते. पूनमनं तिचा नंबर शोधला होता. तिनं व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल टेबलावर उभा केला.

पडद्यावर लोकरी टोपी घातलेली एक बाई आली. "हाँ जी, कमरा चाहिए? कितने लोग?"

पूनम म्हणाली, "कमरा नहीं आंटी, पेड़ देखना है. पद्म का पेड़ है उधर?"

"पेड़ देखने को फ़ोन किया? घर के पीछे ही तो है."

"फूल कब आता है उसमें?"

"कब आता है क्या, आया हुआ है! रुको." बाई चालायला लागली. पडद्यावर आधी तिच्या चपला दिसल्या, मग एक कुत्रा, मग पायऱ्या. आणि मग पडदा सगळा गुलाबी. एक पान नाही, नुसती फुलं. मधमाश्यांचा आवाज आमच्या हर्बेरियममध्ये घुमत होता. बावीस वर्षांत ते झाड मी जिवंत कधी बघितलं नव्हतं. सुकलेलंच बघितलं होतं. मी पुढं होऊन मोबाइलजवळ गेले, तर मला कोणी अडवलं नाही.

बोधनकर सर म्हणाले, "ये कोई दूसरा पेड़ भी हो सकता है."

बाईनं तिकडून ऐकलं. "कौन बोला? भाई साहब, इसी पेड़ की डाल मेरे मंडप में लगी थी! इस वक़्त पहाड़ में और फूलता ही क्या है? मक्खियाँ इसी के भरोसे हैं. कमरा लेना हो तो बोलो, नहीं तो मेरा दूध चढ़ा हुआ है."

फोन बंद झाला. एक सर हसायला लागले आणि अध्यक्ष मॅडमनी बघितल्याबरोबर थांबले.

मॅडमनी पेन उघडला. "तो पुराने लेबल सही हैं. नवंबर." मग फॉर्मवर खाली बघितलं. "पर इसमें एक खाना भरना पड़ेगा. ग़लती किसकी."

बोधनकर सर पटकन म्हणाले, "मॅडम, जब ग़लती हुई ही नहीं..."

"हुई तो है." मॅडमनी एक शीट जवळ ओढली. "मिश्रा जी के लेबल पे नवंबर है. उसके ऊपर ये नई पर्ची लगी है, अप्रैल की. इकतीस शीट पे. ये किसने लगाई?"

मी तेव्हाच पहिल्यांदा नीट बघितलं. बुधवारची ठक-ठक! आमच्या धंद्यात जुनी चिठ्ठी कोणी फाडत नाही आणि खोडतही नाही. ज्याला वाटतं चूक आहे, त्यानं वरती आपली पर्ची चिकटवायची आणि पर्चीवर आपलं नाव घालायचं, म्हणजे दुरुस्ती कोणाची ते कायम राहतं. सरांनी नियम तंतोतंत पाळला होता. पर्चीवर एप्रिल, आणि खाली कॉलेजचा हिंदी रबरी शिक्का, नावासकट. एकतीस वेळा!

सर म्हणाले, "टाइप तो पूनम ने किया था..."

पूनम तोंड उघडणार, तेवढ्यात मी म्हटलं, "पोट्टीले मध्ये नका आणू, सर. तिनं टाइप करायले नाही म्हटलं, म्हणून तर तुम्ही ठाकूर भैयाकडून करून घेतलं."

ठाकूर बाबू खिडकीबाहेर बघायला लागले.

मॅडमनी शीट टेबलावर फिरवली आणि माझ्याकडे सरकवली. "दीदी, पर्ची पे जो नाम है, आप पढ़िए. मैं लिखती हूँ."

"मॅडम, मी चौथी पास हाय. हळू वाचते."

"हमें कोई जल्दी नहीं है."

मी हात साडीला पुसले. चष्मा लावला. शीट उचलत नाहीत, नाहीतर फूल तुटतं, म्हणून मीच वाकले. शिक्क्यावर बोट ठेवलं आणि शाळेत वाचायचे तसं, एक-एक अक्षर सुटं करून, साऱ्या खोलीला ऐकू जाईल असं वाचलं. मॅडमनी लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "अगली शीट." मी दुसरी वाचली. मग तिसरी. चौथ्या शीटला सर खुर्चीत बसले. दहाव्याला ठाकूर बाबूंनी त्यांना पाणी दिलं. मी थांबले नाही. माझ्या नावावर एकतीस ठेवल्या होत्या ना, मग एकतीस वाचणार! शेवटच्या शीटपर्यंत येता येता मला अक्षरं लावावी लागेनात, बोटही लागेना. मी सरळ उभी राहिले, चष्मा काढला आणि सरांकडे बघत एका दमात वाचलं:

डॉ. विवेक बोधनकर.